म्हशी बाहेर, गवत आत: भरतपूरच्या 'घना'चं प्रकरण

भरतपूरच्या पाणथळीतलं एक गवत हातात घेऊन बघण्यासारखं आहे. काडी पेन्सिलीहून बारीक, पेर असलेली. पेर चिखलाला टेकलं की तिथून मुळं सुटतात आणि नवा फुटवा वर येतो. टोकाला दोन तुरे, गलोलीच्या बेचक्यासारखे. काडी ओढली तर एकटी येत नाही, हातभर लांबीची गुंतवळ सोबत येते. शास्त्रीय नाव पास्पालम डिस्टिकम. केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानात मोटारी आत सोडत नाहीत, तिथे सायकलरिक्षा ओढणारेच वाटाडे असतात. त्यांच्यातल्याच एकानं मला ती काडी उपटून दाखवली आणि सांगितलं की पूर्वी म्हशी हेच खायच्या.

पाणथळीचा वापर बदलला की तिथल्या जीवसृष्टीचं काय होतं, या विषयावरचं संशोधन गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कसं वळत गेलं हे समजून घ्यायचं असेल, तर माझ्या मते भरतपूरहून चांगलं प्रकरण भारतात नाही. तिथे पाणथळ बुजवून कुणी इमारती बांधल्या नाहीत, कारखानाही आला नाही. एक वापर थांबवला गेला, तोही पक्ष्यांच्या भल्यासाठी. आणि पक्षी कमी झाले.

आधी जागा. आग्र्याच्या पश्चिमेला, राजस्थानच्या पूर्व टोकाला हा नैसर्गिक खोलगट भाग आहे. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातलं साधारण एक तृतीयांशच पाण्याखाली जातं, बाकी बाभळी, कळंब आणि गवताळ माळ. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध घातला गेला आणि गंभीर व बाणगंगा या नद्यांच्या पुराचं पाणी या खोलगटात येऊ लागलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानानं आत छोटे बांध आणि मोऱ्या घालून पाण्याचे कप्पे पाडले. हेतू एकच होता, बदकांची शिकार. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनसाठी इथे पहिली मोठी शिकार झाली. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो आले असताना एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा आजही उद्यानातल्या दगडी फलकावर कोरलेला आहे.

म्हणजे 'घना' माणसाच्या हातानं घडलेली पाणथळ आहे. शिकारी चालायच्या त्याच काळात आजूबाजूच्या गावांची गुरंही आत चरायची. म्हशी पाण्यात, गायी माळावर. बाया चाऱ्याचे भारे न्यायच्या, सरपण गोळा करायच्या. उन्हाळ्यात पाणी आटत जायचं, मे-जूनमध्ये तळाचा चिखल भेगाळायचा, पावसाळ्यात मोऱ्या उघडल्या की पुन्हा भरायचा. पाण्याबरोबर नदीतल्या माशांची पिल्लं आत यायची आणि त्यांच्यावर चित्रबलाक, पाणकावळे, बगळे आपली पिल्लं वाढवायचे.

१९८१ मध्ये या जागेला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, स्थान मिळालं. त्याच सुमारास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आला, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानात पाळीव गुरं चारायला परवानगी नाही. सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांचंही मत चराई थांबावी असंच होतं. त्या काळच्या संवर्धनविचारात हे जवळपास गृहीतच होतं. गुरं म्हणजे नासधूस. ती बाहेर काढली की निसर्ग सावरेल, असा विश्वास होता. नोव्हेंबर १९८२ मध्ये बंदी अमलात आली. कुंपणाची भिंत होतीच. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकरी मेले. प्रकरणाच्या शास्त्रीय बाजूकडे जाण्याआधी हे मुद्दाम नोंदवतो. ज्या गृहीतकासाठी ही माणसं गेली ते तोवर तपासलेलं नव्हतं.

आता तपासणीकडे येतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९८० मध्ये इथे एक दीर्घ पर्यावरणीय अभ्यास सुरू केला होता. व्ही. एस. विजयन त्याचे प्रमुख होते आणि तो तब्बल दहा वर्षं चालला. यातली वेळ फार मोलाची आहे. बंदी यायच्या आधीच मोजणी सुरू झाली होती, त्यामुळे 'आधी' आणि 'नंतर' दोन्ही हाताशी आलं. कुणी आखून केलेला प्रयोग नव्हता हा, पण प्रयोगासारखी स्थिती आपोआप तयार झाली. आपल्याकडच्या बहुतेक पाणथळींबाबत नेमका हा 'आधी'चा भाग नसतो. बदल होऊन जातो, मग आरडाओरडा होतो, मग अभ्यासक पोचतात.

त्या दहा वर्षांत जे दिसलं त्याची साखळी अशी. म्हैस पोटापर्यंतच्या पाण्यात उभी राहून पास्पालम खाते. तिच्या खुरांखाली पेरं तुटतात, चिखल ढवळला जातो, ती पुढे सरकते तसा तिच्यामागे मोकळ्या पाण्याचा पट्टा राहतो. शेणातून पोषण पाण्यात जातं. तिथे शेवाळ, किडे, गोगलगायी, त्यांच्यावर मासे. म्हशी गेल्या आणि या गवताला खाणारं कुणी उरलं नाही. बदकांना ते मोठ्या प्रमाणावर खाता येत नाही, हरणं-नीलगायी खोल पाण्यात जात नाहीत. पेरापेरानं पसरत त्यानं उथळ कप्प्यांवर गादी घातली. गादीखाली उजेड पोचेना, त्यामुळे पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पती मागे पडल्या. कुजणाऱ्या काड्यांनी पाण्यातला प्राणवायू ओढला आणि तळावर दरवर्षी एक थर चढू लागला. वारकरी आणि पाणडुबी यांना पोहायला मोकळं पाणी लागतं, बुडी मारणाऱ्या बदकांनाही लागतं. बगळ्याला मासा दिसायला पाहिजे, गवताच्या गादीतून तो दिसत नाही.

अभ्यासाचा निष्कर्ष स्पष्ट होता: चराई थांबल्यानं पाणथळीची आणि तिथल्या पक्ष्यांची हानी होत आहे, म्हशी या व्यवस्थेचा घटक होत्या. ज्या संस्थेनं बंदीची बाजू घेतली होती तिच्याच शास्त्रज्ञांनी आपल्याच आकड्यांवरून हे लिहिलं. मला या प्रकरणातली सगळ्यात आदराची गोष्ट ही वाटते. मधल्या काळात उद्यानानं बुलडोझर लावून गवत काढून पाहिलं. गवत निघालं, पण जी पेरं चिखलात राहिली त्यांनी पुन्हा गादी घातली. म्हैस रोज येत होती, बुलडोझर कधीतरी येतो. अंतिम अहवाल १९९१ चा. सालिम अली १९८७ मध्येच गेले होते.

अहवाल आला तरी म्हशी परत आल्या नाहीत. कायद्यात राष्ट्रीय उद्यानातल्या चराईला जागाच नव्हती. तडजोड म्हणून गावकऱ्यांना पास देऊन गवत कापू देण्याची पद्धत होती. मग फेब्रुवारी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून लाकूड, गवत वगैरे काढण्यावर देशभर मनाई केली. जंगलतोड रोखण्यासाठी तो आदेश समजण्यासारखा आहे. पण ज्या पाणथळीचा जीव गवत काढण्यावर टिकलेला, तिच्याबाबत तोच आदेश उलटा पडतो. मायकेल लुइस या पर्यावरण-इतिहासकारानं २००३ मध्ये या प्रकरणावर लिहिताना बोट ठेवलं ते विज्ञान आणि एखाद्या धोरणाची बाजू लावून धरणं यांच्या नात्यावर. शास्त्रज्ञाचं मत, ते मोजणीतून आलेलं असो वा नसो, एकदा कायद्यात शिरलं की नंतरची मोजणी त्याला हलवू शकत नाही.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी, कारण भरतपूरची गोष्ट सांगताना लोक सायबेरियन क्रौंच लगेच पुढे आणतात. हा पांढराशुभ्र, लाल चेहऱ्याचा पक्षी हजारो किलोमीटर उडून हिवाळ्यात इथे यायचा आणि चिखलातले लव्हाळ्याचे कंद चोचीनं उकरून खायचा. १९६० च्या दशकात सुमारे २०० पक्षी येत. संख्या घटत गेली, १९९३ नंतरचे दोन हिवाळे एकही आला नाही, मग चार आले, आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. पास्पालमच्या गादीमुळे कंद उकरणं अवघड झालं असणार, हे पटण्यासारखं आहे. पण घट बंदीच्या आधीपासूनच चालू होती आणि या पक्ष्याच्या वाटेवर अफगाणिस्तान-पाकिस्तानात शिकार होत होती. चराईबंदीनं क्रौंच गेले असं म्हणणं चूक आहे. एका जागेच्या अभ्यासातून स्थलांतरी पक्ष्याचा हिशेब पूर्ण लागत नाही, हे संशोधकांना इथेच नीट उमगलं आणि पुढे अभ्यासाची चौकट भिंतीबाहेर सरकली.

ती आधी शेतांपर्यंत सरकली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उद्यानात सारस आणि होले मरून पडलेले सापडू लागले. तपासात निघालं ऑल्ड्रिन, शेजारच्या शेतात पेरणीच्या वेळी वापरलं जाणारं कीटकनाशक. पक्षी दिवसा शेतात दाणे टिपत आणि उद्यानात येऊन मरत. पक्षी ज्या शेतात जेवतो ते शेतही पाणथळीचा भाग धरावं लागतं, हे या मेलेल्या सारसांनी दाखवलं.

मग चौकट नदीपर्यंत गेली. घनाला एका वर्षात साधारण ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागतं, आपल्या भाषेत अर्ध्या टीएमसीहून थोडं जास्त. गंभीर नदीवर वर करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं. वरच्या शेतकऱ्यांनाही पाणी हवंच होतं, आणि २००० नंतरच्या दुष्काळी वर्षांत घनाला पाणी सोडण्यावरून मोठा संघर्ष उभा राहिला. कप्पे कोरडे पडले. १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या उद्यानाचा तो दर्जा धोक्यात येतो की काय, अशी चर्चा सुरू झाली. तोडगा म्हणून दोन पर्यायी वाटा काढल्या गेल्या. एक, पिण्याच्या पाण्याच्या चंबळ योजनेतून ६२.५ दशलक्ष घनफूट. दुसरी, पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या गोवर्धन नाल्यातून जलवाहिनी, २०१२ च्या सुमारास सुरू झालेली.

पाण्याचा आकडा जुळत आला, पण इथेच संशोधनानं पुढचा प्रश्न विचारला: हे पाणी कुठलं? गंभीरच्या पुराबरोबर माशांची पिल्लं, बिया, किडे, गाळ सगळं यायचं. नळातून आलेल्या पाण्यात यातलं काहीच नसतं. तळं भरतं, पण बगळ्याच्या घरट्यात मासा पोचत नाही. गोवर्धन नाल्याच्या पाण्यातून मासे आले, पण सोबत आफ्रिकन मागूरही आला. हा परदेशी मासा अंडी, पिल्लं, छोटे मासे, जे सापडेल ते खातो, चिखलात तग धरतो. उद्यानाला तो हजारोंनी पकडून काढावा लागला. कोरड्या वर्षांनी आणखी एक पाहुणा पसरवला: विलायती बाभूळ, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. पाणी न आलेल्या कप्प्यांत आणि माळावर तिनं झाडी माजवली.

या विलायती बाभळीच्या निमित्तानं एक चांगली गोष्ट झाली. ती काढायचं काम आजूबाजूच्या गावांना दिलं गेलं, मुळासकट उपटायची आणि लाकूड न्यायचं या बोलीवर. ज्या गावांना १९८२ मध्ये भिंतीबाहेर काढलं होतं, तीच माणसं उद्यान वाचवायला आत आली. त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकात कांचन चोप्रा यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी घनाच्या मूल्याचा हिशेब मांडला होता आणि पर्यटनाचं उत्पन्न पाण्याच्या व जैवविविधतेच्या स्थितीशी कसं बांधलेलं आहे हे दाखवलं होतं. पक्षीशास्त्र, जलविज्ञान, अर्थशास्त्र आणि गावांचा अभ्यास एकाच २९ चौरस किलोमीटरवर येऊन मिळतात, असं आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी घडलं आहे.

संशोधनाचा कल कसा बदलला, ते या क्रमातून दिसतं. साठच्या दशकात पायात कडी घालून पक्ष्यांचं स्थलांतर आणि त्यांच्यामार्फत पसरणारे आजार शोधले जात. ऐंशीत एका जागेची दीर्घ मोजणी झाली. नव्वदपासून पाणलोट, विषारी रसायनं, लोकांचं उत्पन्न हे विषय आले. आज उपग्रहाच्या छायाचित्रांवर भर आहे, आणि त्याचा मोह मला समजतो: चाळीस वर्षांचं पाण्याचं क्षेत्र एका संगणकावर मोजता येतं. पण भरतपूरचं गवत डोळ्यांसमोर ठेवून विचार करा. पास्पालमची दाट गादी पाण्यावर पसरलेली असेल, तर साध्या छायाचित्रात तिथे हिरवा माळ दिसतो. खाली कमरेभर पाणी आहे हे छायाचित्राला कळत नाही. त्याच गणितात 'पाणथळ घटली' असं उत्तर येईल, किंवा उलट, 'हिरवळ वाढली' म्हणून प्रकृती सुधारली असं कुणी वाचेल. रडारच्या प्रतिमा थोडी मदत करतात. तरी कुणीतरी पाण्यात उतरून काडी उपटून बघावीच लागते.

रामसर कराराच्या धोक्यातल्या जागांच्या माँत्रो नोंदीत घना १९९० पासून आहे. पाण्याची टंचाई आणि चराईचा बिघडलेला तोल, या दोन्ही बाबी त्यामागे होत्या. त्याच नोंदीतलं भारतातलं दुसरं नाव मणिपूरच्या लोकटाकचं. तिथे १९८३ मध्ये इथाई बंधाऱ्यानं वीजनिर्मितीसाठी पाण्याची पातळी वर्षभर वर धरली. फुमदी, म्हणजे गवत-मुळांच्या तरंगत्या गाद्या, पूर्वी कोरड्या दिवसांत तळाला टेकून माती घ्यायच्या, ते थांबलं आणि त्या पातळ होऊ लागल्या. संगाई हरणाचा आधार तोच. दोन्हीकडे मूळ दुखणं एकच वाटतं: वर्षभरातला चढउतार, खाणं-तुडवणं-आटणं-भरणं, यातली एक हालचाल थांबवली गेली. ओडिशाचं चिलीका मात्र या नोंदीतून २००२ मध्ये बाहेर पडलं, समुद्राकडे नवं मुख उघडून खाऱ्या-गोड्या पाण्याची ये-जा पुन्हा सुरू केल्यावर.

आता घराजवळचा मुद्दा. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला, मागे गाळ साचला, बेटं तयार झाली, पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा. त्याला सगळे 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात. ते पक्ष्यांसाठी म्हणतात, मला ते दुसऱ्या अर्थानंही खरं वाटतं. तिथली पाण्याची पातळी पक्ष्यांच्या नव्हे, सिंचनाच्या आवर्तनाच्या वेळापत्रकानं हलते. काठाला शेती आहे, गुरं चरतात, मासेमारी आहे. वरून शहराचं सांडपाणी येतं, आणि काठावर बेशरम माजली आहे, जिला कुठलंच जनावर तोंड लावत नाही.

एका जानेवारीत तिथल्या मनोऱ्यावरून मी सकाळभर एकाच म्हशीकडे पाहत बसलो होतो. ती गुडघाभर पाण्यात गवत ओरबाडत चालली होती. पाठीवर एक गायबगळा, बाजूला आणखी दोन. तिच्यामागे गवतात जी वाट उघडत होती तिच्यात वारकरी एकामागून एक शिरले, सात-आठ असतील. शेजारी उभ्या एका हौशी छायाचित्रकारानं कॅमेरा खाली केला, म्हैस फ्रेममध्ये येत होती म्हणून. म्हशी बंद करायला पाहिजेत इथल्या, असं तो म्हणाला. मी त्याला भरतपूरचं सांगितलं. माझंही तिथलं ज्ञान एका म्हशीच्या निरीक्षणाएवढंच होतं. नांदूरला चराईनं नुकसान होतं की फायदा, हे भरतपूरवरून ठरवता येणार नाही: तिथलं गवत वेगळं, पाण्याची चाल वेगळी, गुरांची संख्या वेगळी. बेटांवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खुराखाली जातही असतील.

हे शोधायला फार काही लागत नाही. काठावरचे चार-पाच तुकडे कुंपण घालून गुरांपासून राखायचे, तेवढेच शेजारी मोकळे ठेवायचे, आणि दोन्हीकडे दर महिन्याला गवताची उंची, मोकळ्या पाण्याचं क्षेत्र, किडे, मासे आणि पक्षी मोजायचे. गुरं राखणाऱ्या पोरांना विचारून गुरांची रोजची नोंद ठेवायची. तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभाग हे करू शकतो. गाळपेर जमिनीबाबतही तेच. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळावर पीक घेणं राज्यातल्या अनेक जलाशयांत चालतं, आणि पाणथळीवर त्याचा परिणाम काय होतो ते बी पडायच्या आधीपासून मोजायला हवं. पाच वर्षं तरी, कारण एखादं वर्ष दुष्काळी निघतं आणि सगळा दोष नाहीतर श्रेय पावसाचं की म्हशीचं, हे सांगता येत नाही. भरतपूरच्या त्या दहा वर्षांतही १९८६-८७ चा दुष्काळ मध्येच आला होता, आणि अभ्यास लांब चालला म्हणूनच त्याचा परिणाम वेगळा काढता आला.